अपडेटनंतर शॉर्टकट अर्धवट चालतात : तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : जतन केलेल्या शॉर्टकटमध्ये फाइलचे नाव न भरले गेल्याने चुकीच्या कोडमध्ये बदल झाल्याबाबत

महोदय,

फोंड्यात आमची सॉफ्टवेअरची लहान कंपनी आहे. कळंगुट, कांदोळी भागातल्या हॉटेलांची बिले आणि परदेशी पाहुण्यांचे फॉर्म सी (त्यांच्या मुक्कामाची सरकारला द्यायची माहिती) आमच्या सॉफ्टवेअरवर तयार होतात. तुमचा एआय कोडिंग असिस्टंट आम्ही घेतला तो मुख्यतः शॉर्टकटसाठी, म्हणजे जतन करून पुन्हा पुन्हा वापरायच्या सूचनांसाठी. सूचना एकदा नीट लिहून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवायची आणि गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) टाकायची, म्हणजे टीममधला प्रत्येकजण त्याच शिस्तीने काम करतो. नव्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. ही सोय खरोखरच मोलाची आहे, म्हणून एवढे सविस्तर लिहितो आहे.

आमच्या करतपासणीच्या शॉर्टकटमध्ये स्पष्ट लिहिले आहे : दिलेलीच फाइल उघडा, तिच्या टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे पाहणाऱ्या चाचण्या) चालवा, बदल दाखवा, होकार मिळाल्याशिवाय कमिट करू नका, म्हणजे बदल पक्का नोंदवू नका. शॉर्टकटपुढे टाइप केलेले फाइलचे नाव सूचनेत आपोआप भरले जाते. मागच्या अपडेटनंतर ती जागा रिकामी राहू लागली. एरर आला नाही, साधा इशाराही नाही. असिस्टंटने अंदाजाने दुसरीच फाइल उघडली आणि खोलीभाड्यावरचा जीएसटी ठरवणारी ओळ बदलली. नाव नसल्यामुळे टेस्टही चालल्या नाहीत.

22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के आणि त्याहून महाग खोलीवर 18 टक्के कर आहे. आमच्या कोडमध्ये '7500 किंवा त्याहून कमी' अशी अट होती, ती '7500 पेक्षा कमी' झाली. गेले ते फक्त बरोबरचे (=) चिन्ह. पण नेमक्या 7500 च्या खोलीवर 375 रुपयांऐवजी 1350 रुपये कर लागला असता, आणि करमर्यादा पाहून बरोबर याच आकड्यावर दर ठेवणारी हॉटेले आमच्या ग्राहकांत आहेत. सहकारी मुलीने बदल ओळीओळीने वाचले म्हणून हे बाहेर गेले नाही.

तुमच्या सपोर्टने आधी पुन्हा इन्स्टॉल करायला सांगितले. ते केले, फरक पडला नाही. मग उत्तर आले, की मॉडेलचा प्रतिसाद दर वेळी वेगळा असू शकतो. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. मॉडेलचे उत्तर बदलते हे आम्हालाही ठाऊक आहे, पण रिकाम्या जागी नाव भरण्याचे काम मॉडेल करत नाही. सूचना मॉडेलकडे जाण्याआधी तुमचा साधा प्रोग्रॅम ते करतो. तिथे नशिबाचा प्रश्नच येत नाही.

तेव्हा ही चूक तातडीने दुरुस्त करावी. आवश्यक नाव मिळाले नाही तर शॉर्टकट तिथेच थांबला पाहिजे, आणि भरून झालेली पूर्ण सूचना चालण्याआधी आम्हाला दिसली पाहिजे. शॉर्टकटची रचना बदलणार असाल तर आधी कळवा आणि जुन्या फाइली काही काळ तरी चालू ठेवा. या चुकीच्या फेऱ्यांत खर्च झालेले क्रेडिट परत मिळावेत. ऑक्टोबरपासून पर्यटन हंगाम सुरू होतो आणि तेव्हा बिलिंगच्या कोडला हात लावणे आम्हाला परवडत नाही, म्हणून लेखी उत्तर त्याआधी हवे आहे. अपडेटच्या आधीचे व नंतरचे लॉग आणि शॉर्टकटची फाइल सोबत जोडली आहे.

आपला,
एक वर्गणीदार
फोंडा, गोवा