त्या दोन डहाळ्या कापू नकोस

सातारा
रविवार, 16 मार्च 2025

प्रिय बाळ्या,

परवा रात्री तुझा फोटो आला आणि मी घाईघाईने 'काहीही कापू नकोस' एवढंच लिहून पाठवलं. मागून वाटलं, तुला ते फार तुटक वाटलं असणार. इतक्या हौसेने कॅमेरा घेतलास, पहिला मनासारखा फोटो आधी मला धाडलास आणि माझ्याकडून कौतुकाचा एक शब्द नाही. म्हणून आज कामं बाजूला ठेवून पत्राला बसलोय. फोनवर हे धड झालं नसतं. निम्म्यात तुझी लोकल आली असती आणि उरलेलं राहून गेलं असतं.

फोटो खरंच चांगला आहे, हे आधी सांगतो. मधुमालतीच्या वेलात काड्यांची खोलगट वाटी, तीत तीन अंडी, गुलाबीसर पांढरी आणि वर तांबूस-जांभळे शिंतोडे. बुलबुलाचं घरटं आहे, लालबुड्या बुलबुलाचं. उजेड मऊ आहे आणि फोकस अचूक बसलाय. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, ग्रिलमधल्या कुंडीत हे सापडावं, याचा तुला झालेला आनंद मला इथे बसून कळतो. फक्त एक गोष्ट बघ. अंडी उघडी दिसतायत, म्हणजे त्या घटकेला आई घरट्यावर नव्हती. ती दाणापाण्याला गेली असेल, पण तू जवळ गेलास म्हणून उठली असण्याचाच संभव जास्त.

आता त्या डहाळ्या. 'समोरच्या दोन आड येतात, त्या काढल्या की फ्रेम स्वच्छ होईल,' असं तू लिहिलंयस. अरे, त्या आड येतात म्हणूनच तिने ती जागा धरली. बुलबुलाची पिल्लं अंड्यातून निघतात तेव्हा अंगावर पीस नसतं, डोळे मिटलेले असतात. तुमच्या ग्रिलवर दुपारचं ऊन कसं येतं ते मी पाहिलंय. वहिनी तिथे पापड वाळवतात. त्या उन्हात दोन पानांची सावली गेली तर पिल्लं तासाभरात मान टाकतील. आणि समोरच्या पाण्याच्या टाकीवर कावळे बसलेले असतात. आज त्यांना तिथे नुसता वेल दिसतो. उद्या वाटी दिसेल.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझ्या हातून झालेलं आहे आणि आजवर ते मी कुणाला नीट सांगितलेलं नाही.

2019 चा मार्च होता. आपल्या परसदाराशी जाईचा वेल आहे ना, मोरीच्या भिंतीवरून चढलेला, त्यात जांभळ्या शिंजिराच्या, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या त्या इवल्या पक्ष्याच्या, मादीने घरटं लटकवलं होतं. शिंजिराचं घरटं तू हातभर अंतरावरून पाहिलंस तरी तुला घरटं वाटणार नाही. कोळ्याच्या जाळ्यात अडकून राहिलेला केरकचरा लोंबतोय, असंच दिसतं. वाळकी पानं, सालीचे तुकडे, अळ्यांच्या विष्ठेचे कण, कागदाचा कपटा, सगळं जाळ्याच्या धाग्यांनी एकमेकांना चिकटवलेलं. बाजूला अंगठ्याएवढं दार आणि दारावर चक्क छोटी पडवी, पाऊस-ऊन आत येऊ नये म्हणून. हे सगळं मादी एकटी करते. अंडीही तीच उबवते. नर आसपास गात असतो आणि पिल्लं झाली की भरवायला येतो.

मला ते दार हवं होतं. दारातून डोकावणारी पिल्लं आणि बाहेर चोचीत किडा घेतलेली आई, एवढंच डोक्यात होतं. वेलाची एक जाडशी फांदी मधे येत होती. कापायला जीव झाला नाही, म्हणून मी ती सुतळीने ओढून नळाच्या पाइपाला बांधली. कापली तर नाही, असं स्वतःला समजावलं. दोन दिवस पोटभर फोटो मिळाले. ग्रुपवर टाकले, लोकांनी वाहवा केली. तूही केली होतीस, तुला आठवत नसेल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आलो, तर वेलाखालून भारद्वाज चालत चालत कुंपणाकडे गेला. घरटं उभं फाटलेलं होतं. आत काही नव्हतं. मी उभा होतो तेवढ्यात आई आली. चोचीत बारीक कोळी होता. जिथे दार होतं त्या जागेसमोर ती हवेतच पंख फडफडवत थांबली, मग जवळच्या काडीवर बसली, पुन्हा उडाली, पुन्हा तिथेच थांबली. असं तीन वेळा. कोळी चोचीतच. कॅमेरा माझ्या गळ्यात होता आणि सवयीने बोट दाबलं गेलं.

तो फोटो आहे माझ्याकडे. आतापर्यंत काढलेल्यांत सगळ्यात नीट आलेला तोच असेल, तिच्या डोळ्यातला उजेडाचा ठिपकासुद्धा दिसतो. मी तो कुणालाही दाखवलेला नाही, घरीही नाही. मागे पाइपाला बांधलेली सुतळी दिसते त्यात.

भारद्वाज अंडी-पिल्लं शोधत वेलीझुडपांतून फिरतोच, त्याचं पोट त्यावर आहे. फांदी आड असती तर त्याला घरटं सापडलं नसतं, असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. पण फांदी मी हलवली होती आणि बांधून ठेवली होती.

त्यानंतर मी घरट्याचे फोटो काढणं बंद केलं. पुढे कळलं की आपल्याकडच्या कितीतरी छायाचित्र स्पर्धा घरट्यांचे फोटो घेतच नाहीत. आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणं हे धरलेलं आहे. वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. मी आपला हातात कॅमेरा धरून निरुपद्रवी समजत होतो स्वतःला.

मग वसंतात करायचं काय, असं तू विचारशील. पाच वर्षं मलाही कळत नव्हतं. उत्तर त्या शिंजिराच्या मादीनेच दिलं.

मागच्या वर्षी याच दिवसांत शेवगा फुलला होता. मी चहा घेऊन मागच्या पायरीवर बसलो होतो. मादी आली ती फुलांवर न जाता थेट पडवीच्या छपराच्या कोपऱ्यात गेली, जिथलं जाळं काढायचं म्हणून आमच्याकडे दर रविवारी बोलणं होतं. तिथे हवेत तरंगत तिने चोच जाळ्यात घातली, मान दोनदा फिरवली आणि सूत गुंडाळावं तसं जाळं चोचीभोवती गुंडाळून घेतलं. मग शेवग्याच्या काडीवर बसून चोच पुसली, उरलेलं सावरलं आणि भुर्रकन गेली. दहा मिनिटांनी परत. घरटं कुठे होतं ते मला माहीत नाही आणि मी शोधलंही नाही. ती ज्या कोपऱ्यातून सामान उचलत होती तिथे मी बसून राहिलो. तिला माझं काही नव्हतं, कारण तिची लपवायची जागा तिथे नव्हतीच.

पण जाळं फोटोत येईना! पंधरा दिवस गेले त्यात. सूर्य माझ्या पाठीशी असला की पक्षी छान यायचा आणि जाळं गायब. मग खुर्ची उलटीकडे नेली, सूर्य समोर घेतला, आणि पक्ष्याच्या मागे शेजाऱ्यांच्या भिंतीची काळी सावली येईल अशी जागा धरली. सकाळी सव्वासात ते आठ, तेवढाच वेळ. शटर 1/1600 सेकंद, कारण त्याहून कमी ठेवलं तर पंख पुसट येतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं खाली. आणि एका सकाळी धागा उजळला. चोचीपासून मागे वीतभर लोंबणारा एकच धागा, चांदीच्या तारेसारखा, आणि त्याच्या टोकाला वाळक्या पानाचा तुकडा. तो फोटो या पाकिटात घालतोय. मागे तारीख लिहिली आहे.

नराचं मात्र अगदी उलट आहे हं. तो ऐन विणीच्या दिवसांत लांबून काळा दिसतो, पण तो रंग काळा नाहीच. पिसांच्या रचनेमुळे उजेड विशिष्ट कोनातून पडला की निळा-जांभळा झळकतो. त्यासाठी सूर्य तुझ्या पाठीशीच हवा आणि त्याने मान वळवेपर्यंत धीर हवा. एकाच जोडप्यासाठी दोन उलट्या खुर्च्या. पावसाळा सरला की त्याचा हा झगा उतरतो आणि तो बायकोसारखाच फिकट पिवळा होतो, गळ्याखाली फक्त एक काळपट पट्टा उरतो. म्हणून घाई आहे ती आत्ताच.

इथल्या 'चार भिंती' स्मारकाच्या वरच्या अंगाला काटेसावर अजून थोडी फुललेली आहे. परवा सकाळी भोरड्यांचा, म्हणजे गुलाबी मैनांचा, थवा होता, जायच्या तयारीतला. एप्रिलमध्ये त्या मध्य आशियाकडे निघतील. लाल फुलांचा फोटो काढताना एवढं सांभाळ, कॅमेऱ्याला तांबडा रंग झेपत नाही. पडद्यावर सगळं ठीक दिसतं आणि घरी येऊन बघावं तर पाकळीच्या शिरा जाऊन नुसता लाल डाग. एक्स्पोजर थोडं उतरवायचं. बाकी लेन्स कुठली आणि आयएसओ किती, हे तुझं तुला महिन्याभरात कळेल, त्यासाठी मला विचारू नकोस.

सलीम अलींनी 1930 मध्ये किहीमला सुगरणींच्या वसाहतीसमोर आडोशात बसून महिनोन्महिने निरीक्षणं केली. नर एकामागून एक घरटी बांधत जातो आणि मादी अर्धवट घरटं पसंत करून ताबा घेते, हे त्यांना तिथे उमगलं. त्यांच्याकडे तेव्हा नोकरी नव्हती आणि घर समुद्राकाठी होतं. तुझ्याकडे नोकरी आहे आणि घर स्टेशनजवळ, पण खिडकी तर आहे! तिला पडदाही आहे.

तर असं कर. गॅलरीचं दार लावून घे. खोलीतला दिवा बंद, पडदा ओढलेला, त्यात फक्त लेन्सपुरती फट. फ्लॅश अजिबात नको. कुंडीला पाणी एकदाच, संध्याकाळी, लांब नळीच्या झारीने. लेन्स घरट्यावर धरू नकोस, कपडे वाळत घालायच्या दोरीवर धर. आई-बाप दोघंही आधी तिथे येऊन बसतील, इकडेतिकडे बघतील आणि मगच वेलात शिरतील. बुलबुल स्वतः फळं खातो, पण पिल्लांसाठी अळ्या-किडे आणतो, तेव्हा चोचीत दर वेळी वेगळं काही दिसेल. एक खूण मात्र पक्की लक्षात ठेव. चोचीत घास आहे आणि तरी पक्षी दोरीवरच बसून ओरडतोय, घरट्याकडे जात नाही, तर तू फार जवळ आलायस. कॅमेरा ठेव आणि खोलीबाहेर जा. तेवढ्या वेळात तिथे कुणीतरी उपाशी असतं.

फार दिवसांचा प्रश्न नाही. उबवायला साधारण दोन आठवडे, पिल्लं उडायला त्याहून थोडे कमीच. आणि हो, ग्रुपवर 'माझ्याकडे घरटं आहे' असं आत्ता टाकू नकोस. बिल्डिंगमधली सगळी पोरं बघायला येतील. पोरांना बोलवच, पण पिल्लं उडून गेल्यावर. तेव्हा रिकामं घरटं हातात घेऊन दाखव, काड्या कशा विणल्यात ते. चिमीला मात्र रोज त्या पडद्याच्या फटीतून बघू दे. तिला कॅमेरा दे हातात, पट्टा गळ्यात अडकवून.

माझ्याकडे यंदा जाईच्या वेलात काही नाही. पण मादी गेले चार दिवस छपराच्या त्या कोपऱ्यात येतेय, म्हणून यंदा पाडव्याच्या साफसफाईत तेवढा कोपरा सोडायचा असं घरात ठरवलंय. तू मे महिन्यात येशीलच. इथल्या महादऱ्याच्या जंगलात जाऊ, सकाळी लवकर, फुलपाखरं ऊन शेकत बसलेली असतात तेव्हा. काकांना नमस्कार सांग. गुडघ्याचं काय म्हणतायत तेही कळव.

तुझा,
नाना

ता. क. वहिनींना म्हणावं, आमटीला कढीपत्ता तोडताना पानं उलटसुलट करून बघा. पानावर पक्ष्याने घाण केल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसला आणि तो पुसल्यावर हलला, तर ती लिंबाच्या झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखराची अळी आहे. काही दिवसांत ती हिरवीगार होईल आणि डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडेल. तेवढी एक फांदी तिच्यासाठी ठेवायची. तिचे फोटो अगदी जवळून काढ, फोनवरसुद्धा चांगले येतात, आणि दर रविवारी एक मला पाठव.