पदवी चालू असतानाच काम द्या: उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मागच्या उन्हाळ्यात एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी ओजेटीचा (ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे अभ्यासक्रमातच असलेल्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचा) अहवाल घेऊन माझ्यासमोर बसली होती. १२० तासांचं प्रत्यक्ष काम, चार क्रेडिट्स. हजेरीपत्रकावरच्या महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एका बैठकीत उरकलेल्या. खाली कर सल्लागाराचा गोल शिक्का. "तिथे काय केलंस गं?" मी विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, सर म्हणाले रोज यायची गरज नाही. बसायलाच जागा नाही."

मी तिला रागावले नाही. त्या ऑफिसात मी जाऊन आले आहे. जीएसटी लागू झाला तेव्हा तिथे सहा मुलं बिलं चढवत बसायची. आता बँकेचं स्टेटमेंट थेट सॉफ्टवेअरमध्ये जातं आणि दोघांत भागतं. ज्या पहिल्या नोकरीच्या भरवशावर आम्ही बी.कॉम.ला मुलं घेतो, तीच आटत चालली आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतली बेरोजगारी २९.१ टक्के होती, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. यावरून पदवी निकामी झाली म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. निरक्षर पोराला रिकामं बसणं परवडतच नाही, तो मिळेल त्या मजुरीवर जातो. पदवीधर थांबतो आणि फॉर्म भरत राहतो. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांवर अर्ज आले, ते अशा थांबलेल्या मुलांचे.

शिवाय आमच्या तालुक्यात मुलगी कॉलेजात आहे म्हणून तिचं लग्न तीन वर्षं लांबतं. सहा महिन्यांच्या कोर्ससाठी तिला कोणी शहरात पाठवत नाही, कॉलेजला मात्र पाठवतात. 'पदवी नको, कौशल्य हवं' असं भाषणात सांगणाऱ्यांनी या मुलींसमोर उभं राहून ते सांगावं. कौशल्य द्यायचंच असेल तर ते पदवीच्या आतच द्यावं लागेल.

आणि ते देता येतं. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेने आमच्या पाच मुलांना खरोखर कामाला बसवलं. महिनाभर त्यांनी थकीत कर्जांच्या याद्या लावल्या, सभासदांच्या घरी जाऊन पासबुकं खात्याशी ताडून पाहिली. एकाला सात हजारांचा फरक सापडला. पैसे भरले होते, पण त्याच नावाच्या दुसऱ्या सभासदाच्या खात्यावर नोंद पडली होती. संगणकात बेरीज चोख जुळत होती, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो मुलगा नंतर वर्गात ताळेबंदाच्या प्रत्येक आकड्याला 'हा कुठून आला?' असं विचारायचा. मला माझी तयारी वाढवावी लागली, आणि त्याचा मला फार आनंद झाला.

मंत्रीमहोदय, २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन आहे, सरकारी कचेऱ्यांतही तो काम शिकू शकतो. मग हेच दार पदवी चालू असताना का उघडू नये? नगरपरिषदेचा लेखा विभाग, पंचायत समिती, बाजार समिती, पतसंस्था, सगळीकडे हिशोब आहेत आणि माणसं अपुरी आहेत. या कार्यालयांनी दर सत्रात ठरावीक विद्यार्थी घ्यावेत असा आदेश काढा. मुलांना निदान जाण्यायेण्याचं भाडं द्या. ही खाती आपल्याकडे नाहीत, ठाऊक आहे, पण त्या खात्यांच्या मंत्र्यांशी आपण बोललात तर हे अडायचं कारण नाही.

दुसरी विनंती प्राध्यापकांबद्दलची. आमच्याकडे ओजेटीची देखरेख तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर पडते. त्यांना मानधन घेतलेल्या तासांचं मिळतं, पतसंस्थेत जाऊन मुलं काय करतात ते पाहण्याचं मिळत नाही. कायम जागा भरा, आणि त्या भरेपर्यंत या भेटींचे तास तरी मानधनात धरा.

एम.कॉम.चं दुसरं सत्र नव्या वर्षात सुरू होतं. डिसेंबरच्या आत आदेश निघाला, तर माझ्या वर्गातल्या मुलांसाठी मी आताच पतसंस्थांशी बोलून ठेवते.

आपली नम्र,
तालुक्याच्या कॉलेजातली वाणिज्य विषयाची प्राध्यापिका