नांदी झाली, नाटक कधी?

फिजीच्या स्थानिक स्वराज्य मंत्र्यांना,

बुला (म्हणजे तुमच्याकडचा नमस्कार) साहेब,

पत्र मराठीत आहे, तुम्हाला वाचता येणार नाही माहितीये, पण पोटातलं बोलायला मला हीच भाषा जमते. मी नांदीत राहतो, वर्क परमिटवर. Nadi हे स्पेलिंग बघून आमच्याकडचे सगळे या गावाला 'नदी' म्हणतात, आणि 2012 मध्ये आधी जानेवारीत आणि मग मार्चमध्ये गावात खरोखरच नदी शिरली होती, त्यामुळे ते अगदीच चूक नाही म्हणा.

तर मुद्दा. इथे टाउन काउन्सिलची निवडणूक झाली होती 2005 ला. मग 2006 ला लष्कराने सत्ता घेतली, निवडून आलेल्या काउन्सिल 2009 ला बरखास्त आणि सरकारने नेमलेले ॲडमिनिस्ट्रेटर आले. मार्केटात मी ज्या काकीकडून दालो (अळूचे कंद) आणि भेंडी घेतो तिचा मुलगा आज 35 चा आहे, त्याने संसदेला मत दिलंय पण गावाच्या काउन्सिलला एकदाही नाही. काकीचे पणजोबा गिरमिटात, म्हणजे इंग्रजांच्या काळात मजुरीच्या करारावर, ऊस तोडायला आलेले, शेजारच्या स्टॉलवरची बाई इताउकेई म्हणजे मूळ फिजीयन, ती काकीशी मस्त फिजी हिंदीत भांडते, पलीकडे चिनी दुकानदार, मेन स्ट्रीटच्या टोकाला रंगीत गोपुराचं सुब्रमण्यम मंदिर. एवढी माणसं रोज एकमेकांशी जमवून घेतात, मग गटार कुठून काढायचं हे ठरवायला त्यांची माणसं का नकोत?

टुरिस्टचं काय, तो एअरपोर्टवरून थेट देनारावच्या रिसॉर्टात, तिथून बोटीने ममानुथा बेटं. पुरात त्याची फ्लाइट लेट होते, काकीचा माल जातो.

आमच्या मुंबई-पुण्यात महापालिकांची मुदत मार्च 2022 ला संपली आणि तीन वर्षं उलटली तरी प्रशासकच होते, निवडणूक झाली ती थेट जानेवारी 2026 ला, तेवढ्यात आम्ही केवढी बोंब मारली! तुमच्या लोकांचा पेशन्स मानला बुवा.

ॲडमिनिस्ट्रेटर मेहनती असतीलही, पण त्यांना नेमणारे तिकडे राजधानीत, सुवात बसतात, काकीला खूश ठेवायची त्यांना गरजच काय? आमच्या नाटकात नांदी झाली की पडदा उघडतो, इथे सगळे तिकीट काढून बसलेत आणि पडदा हलत नाही.

तर निवडणुकीची तारीख सांगा, आणि सांगितली की पाळा. मला मत नाहीये, पण त्या दिवशी काकीच्या स्टॉलवर मी बसेन, तिला रांगेत जाता यावं म्हणून. दालोचे भाव तेवढे लिहून ठेव म्हणावं.

तुमच्या गावातला एक मराठी भाडेकरू