रोसबर्गने पळ काढलेला नाही

नागपूर, दि. ८ डिसेंबर २०१६

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निको रोसबर्गने २ डिसेंबरला व्हिएन्नामध्ये फॉर्म्युला वनमधून निवृत्ती जाहीर केली, त्याला आता आठवडा होत आला. विश्वविजेतेपद मिळून पुरते पाच दिवसही उलटले नसताना, ज्या दिवशी करंडक स्वीकारायचा त्याच दिवशी एकतीस वर्षांचा ड्रायव्हर यापुढे शर्यतीत उतरणार नाही असे सांगतो, याचे आश्चर्य सर्वांना वाटले आणि मलाही वाटले. मात्र आपल्या दैनिकातील वाचकपत्रांत या निर्णयाची ज्या शब्दांत संभावना झाली, ती मला मुळीच मान्य नाही. एका पत्रलेखकाने त्याला पळपुटा म्हटले आहे. दुसऱ्याने, हे विजेतेपद नशिबाने पदरात पडले आणि ते पुन्हा पणाला लावण्याची त्याची हिंमत नव्हती, असा निष्कर्ष काढला आहे. आयुष्याची अनेक वर्षे शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून मैदानावर घालवल्यामुळे या विषयावर लिहिल्यावाचून मला राहवत नाही.

आधी नशिबाविषयी लिहिते, कारण या आक्षेपात काही तथ्य आहे. २ ऑक्टोबरला मलेशियात सेपांगच्या सर्किटवर आघाडीवर असलेल्या, रोसबर्गच्याच मर्सिडीज संघातील लुईस हॅमिल्टनच्या इंजिनाने पेट घेतला आणि हातात आलेले पंचवीस गुण त्याने गमावले. या मोसमात हॅमिल्टनने दहा शर्यती जिंकल्या आणि रोसबर्गने नऊ, हेही खरे. परंतु एकवीस शर्यतींच्या मोसमाचा हिशेब एका इंजिनावर मांडता येत नाही. पहिल्या चारही शर्यती रोसबर्गने जिंकल्या होत्या आणि त्याची आघाडी ४३ गुणांची झाली होती. त्यानंतर बार्सिलोनाला पहिल्याच फेरीत दोघे सहकारी एकमेकांवर आदळून बाहेर पडले, हॅमिल्टनने मुसंडी मारली आणि ऑगस्टच्या सुट्टीपर्यंत तो उलट १९ गुणांनी पुढे गेला. सलग दोन वर्षे ज्याच्याकडून विजेतेपद गमावले, तोच पुन्हा पुढे निघून जाताना पाहून कोणाचाही धीर सुटला असता. रोसबर्गने सुट्टीनंतर बेल्जियम, इटली, सिंगापूर आणि जपान या शर्यती जिंकल्या.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि टीका करणाऱ्या दोन्ही पत्रांत त्याचा उल्लेखही नाही. ९ ऑक्टोबरला जपानमधील सुझुकाची शर्यत जिंकल्यावर रोसबर्गकडे ३३ गुणांची आघाडी होती आणि चार शर्यती शिल्लक होत्या. पहिल्या क्रमांकाला २५ गुण आणि दुसऱ्याला १८, म्हणजे एका शर्यतीत फरक सात गुणांचा. हॅमिल्टनने उरलेल्या चारही शर्यती जिंकल्या तरी रोसबर्गला प्रत्येक वेळी दुसरा क्रमांक पुरेसा होता, आणि अगदी तसेच घडले: अमेरिका, मेक्सिको, ब्राझील आणि अबुधाबी या चारही ठिकाणी हॅमिल्टन पहिला आणि रोसबर्ग दुसरा आला. तेहतिसांतून अठ्ठावीस गेले, पाच उरले, आणि अखेरची नोंद ३८५ विरुद्ध ३८० अशी झाली. कागदावर हे सोपे दिसते; प्रत्यक्षात सात आठवडे एकही चूक होऊ न देता, जिंकण्याचा मोह आवरून, ब्राझीलच्या धुवाधार पावसातसुद्धा गाडी रस्त्यावर ठेवून हे साधावे लागते. अबुधाबीच्या शेवटच्या फेऱ्यांत हॅमिल्टनने मुद्दाम वेग कमी केला, जेणेकरून मागून येणारे व्हेटेल आणि व्हर्स्टॅपेन रोसबर्गला गाठतील. रोसबर्ग चौथ्या क्रमांकावर घसरला असता, तर विजेतेपद एका गुणाने गेले असते. पहिले चार ड्रायव्हर दोन सेकंदांच्या आत अंतिम रेषा ओलांडून गेले. ज्याने ती शर्यत पाहिली आहे, त्याने या माणसाच्या हिमतीवर शंका घ्यावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

रोसबर्गने स्वतःच सांगितले आहे की, विजेतेपद आपल्याच हातात आहे हे सुझुकाच्या विजयानंतर लक्षात आले, तेव्हा खरे दडपण सुरू झाले आणि जगज्जेता झालो तर थांबायचे, हा विचार तिथेच मनात आला. अबुधाबीच्या रविवारी सकाळी, ही कदाचित आपली शेवटची शर्यत असेल, हे त्याला ठाऊक होते, आणि अंतिम निर्णय त्याने सोमवारी संध्याकाळी घेतला. म्हणजे थांबण्याचा विचार करंडक हाती येण्यापूर्वीचा आहे. यशाच्या कैफात घेतलेला किंवा पुढच्या मोसमाच्या धास्तीने सुचलेला हा निर्णय नव्हे. ज्या विजेतेपदासाठी त्याने पंचवीस वर्षे शर्यतींत घालवली, ते मिळाले की काम पूर्ण झाले, असे त्याने स्वतःशी आधीच ठरवले होते आणि तो त्या शब्दाला जागला. त्याचे वडील केके रोसबर्ग १९८२ मध्ये विल्यम्स संघाकडून जगज्जेते झाले होते. पिता आणि पुत्र दोघेही विश्वविजेते, असे यापूर्वी केवळ ग्रॅहम आणि डेमन हिल यांच्याच बाबतीत घडले आहे. घरात तो करंडक असताना वाढलेल्या मुलाने हे एकच ध्येय ठेवले असेल, तर त्यात नवल नाही.

कराराचा मुद्दा मात्र मी हलका समजत नाही. याच जुलैमध्ये रोसबर्गने मर्सिडीजबरोबरचा करार २०१८ अखेरपर्यंत वाढवला होता, आणि डिसेंबरमध्ये, जेव्हा बहुतेक नामवंत ड्रायव्हर आपापल्या संघांशी बांधले गेलेले असतात, तेव्हा त्याने संघाला नवा माणूस शोधायला लावले. संघासाठी राबणाऱ्या शेकडो तंत्रज्ञांना याची झळ बसणार आहे आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. तरीही पर्याय काय होता, याचा विचार करावा. पुढच्या वर्षी गाड्यांची रुंदी १.८ मीटरवरून दोन मीटर होणार, टायर अधिक रुंद येणार आणि वेग वाढणार आहे. अशा गाडीत मन उडालेला माणूस केवळ करारासाठी बसला, तर तो स्वतःबरोबर इतरांनाही धोक्यात घालतो. ज्युल्स बियांकी याच सुझुकामध्ये ऑक्टोबर २०१४ मध्ये अपघातात सापडला आणि २०१५ च्या जुलैमध्ये गेला. ती गोष्ट या ड्रायव्हरांच्या डोळ्यांसमोरची आहे. मन नसेल तर लगेच सांगून बाजूला होणे, हाच संघाशी प्रामाणिकपणा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जिंकून थांबलेला रोसबर्ग हा पहिलाच नव्हे. अलेन प्रोस्ट १९९३ मध्ये चौथे विजेतेपद मिळवून थांबला. जॅकी स्टुअर्टने १९७३ चा मोसम आपला शेवटचा, हे आधीच ठरवले होते; तिसरे विजेतेपद निश्चित झाल्यावर वॉटकिन्स ग्लेनच्या सरावात त्याचा तरुण सहकारी फ्रांस्वा सेव्हर मृत्युमुखी पडला आणि स्टुअर्ट आपली शंभरावी शर्यत न धावताच निघून गेला. त्याला कोणी पळपुटा म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. उलट दिशेचे उदाहरण मायकेल शूमाकरचे आहे. सात विजेतेपदांनंतर २००६ मध्ये तो निवृत्त झाला, २०१० मध्ये मर्सिडीजकडे परतला आणि तीन वर्षांत त्याला एकदाच, २०१२ मध्ये व्हॅलेन्सियाला, पोडियमवर म्हणजे पहिल्या तिघांत उभे राहता आले. त्या तिन्ही वर्षी त्याचा सहकारी ड्रायव्हर निको रोसबर्ग होता आणि तिन्ही वर्षी रोसबर्गचे गुण त्याच्यापेक्षा जास्त होते. मोठा खेळाडू परत येतो तेव्हा काय होते, हे रोसबर्गइतके जवळून क्वचितच कोणी पाहिले असेल.

नागपूरकरांना तरी हे समजावे, अशी माझी अपेक्षा आहे, कारण आपण दोन मोठ्या खेळाडूंचा निरोपाचा काळ आपल्या मैदानांवर पाहिला आहे. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध सुनील गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांतले त्यांचे ते एकमेव शतक, आणि त्यानंतर ते केवळ उपांत्य सामना खेळले. त्याच वर्षी मार्चमध्ये बंगळुरूला पाकिस्तानविरुद्धच्या शेवटच्या कसोटीत अवघड खेळपट्टीवर त्यांनी ९६ धावांची जी खेळी केली, ती आजही जाणकार नावाजतात. आणखी दोन वर्षे ते सहज खेळले असते, असे त्या दिवशी व्हीसीएच्या स्टँडमध्ये बसलेल्या आम्हा सर्वांना वाटले होते, आणि म्हणूनच तो निरोप आम्हाला इतका लख्ख आठवतो. पुढे २००८ च्या नोव्हेंबरमध्ये जामठ्याला सौरव गांगुली शेवटची कसोटी खेळला, पहिल्या डावात ८५ धावा करून गेला आणि सामना संपत आला असताना धोनीने काही काळ नेतृत्व त्याच्याकडे सोपवले. मालिका सुरू होण्यापूर्वीच त्याने निर्णय जाहीर केला होता. या दोघांचे आपण कौतुक केले. मग परदेशातील एका ड्रायव्हरला वेगळा न्याय का लावावा?

माझ्या शाळेतील एक धावपटू मुलगी राज्य पातळीवर पदक मिळवल्यानंतर थांबली, कारण तिला पुढे वैद्यकीय शिक्षण घ्यायचे होते आणि दोन्हींना पुरेसा वेळ देता येणार नाही, हे तिला कळले होते. पहाटे पाचला यशवंत स्टेडियमवर हजर राहून तिने ते पदक कमावले होते. घरच्यांनी आणि काही सहकाऱ्यांनी तिला, सगळ्यांची मेहनत वाया घालवलीस, असे ऐकवले. मी तिची बाजू घेतली आणि आजही घेईन. आपल्याकडे दहावीत पहिला आलेल्या मुलाला पेढा हातात ठेवता ठेवता बारावीचे विचारतात, आणि मैदानावरही तीच रीत चालते. जिल्ह्यानंतर राज्य, राज्यानंतर देश, आणि मधे कुठेही मुलाने पुरे म्हटले की तो कच्चा ठरतो. रोसबर्गविषयीच्या पत्रांतही मला हाच सूर ऐकू आला. त्याची मुलगी सव्वा वर्षाची आहे. यंदा रात्री तिला सांभाळण्याचा भार पत्नीने उचलला म्हणून आपल्याला शांत झोप मिळाली, असे त्याने निवृत्तीच्या निवेदनात मोकळेपणाने सांगितले आहे. खेळाडूच्या यशामागे घरातल्या कोणाच्या तरी रात्री खर्ची पडलेल्या असतात, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा विजेता आमच्या विद्यार्थ्यांसमोर यायला हवा.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. फॉर्म्युला वनचा नवा मोसम २६ मार्चला मेलबर्नमध्ये सुरू होईल आणि तेव्हा रोसबर्गच्या जागी कोण आले, याच्याच बातम्या येतील. त्यापूर्वी आपल्या क्रीडा पानावर सुझुका ते अबुधाबी या शेवटच्या पाच शर्यतींचा सविस्तर आढावा एखाद्या जाणकाराकडून लिहून घ्यावा, आणि त्यासोबत रोसबर्गचे निवृत्तीचे पूर्ण निवेदन मराठीत छापावे. २०१३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर हाच ड्रायव्हर दुसरा आला होता, तेव्हा आपल्या वाचकांना तो अगदीच अपरिचित नाही. शाळांच्या फलकांवर लावता येईल अशा रीतीने तो मजकूर एका पानात बसवला, तर आमच्यासारख्या शिक्षकांची मोठी सोय होईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
धरमपेठ, नागपूर