केलेला उपचार एक, नाकारलेला दुसराच

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग, पुणे.

विषय : माझ्या यजमानांच्या रीनल डिनर्व्हेशनचा (ब्लडप्रेशरसाठी मूत्रपिंडाच्या धमन्यांभोवतीचे मज्जातंतू निकामी करण्याच्या उपचाराचा) क्लेम चुकीच्या कारणाने फेटाळल्याबाबत.

महोदय / महोदया,

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे. लोकांचे चेक परत करण्यात चौतीस वर्षे गेली. त्यामुळे परत करताना कारण लिहावे लागते आणि ते त्याच चेकचे असावे लागते, एवढे मला कळते. तुमच्या पत्रात कारण आहे, पण ते दुसऱ्याच उपचाराचे आहे.

'हार्ट फेल्युअरसाठी कॅथेटरद्वारे केलेले नर्व्ह ॲब्लेशन अप्रमाणित असल्याने कोड एक्सक्ल-१६ नुसार दावा नामंजूर', असे तुम्ही कळवले आहे. ह्यांच्यावर हार्ट फेल्युअरसाठी ॲब्लेशन, म्हणजे मज्जातंतू जाळणे, झालेलेच नाही. झाले ते ब्लडप्रेशरसाठी, मूत्रपिंडाच्या धमन्यांतून. डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या दोन ओळी आहेत. वरची औषधांना दाद न देणाऱ्या उच्च रक्तदाबाची. खालची पूर्वीच्या हार्ट फेल्युअरची, कारण दोन वर्षांपूर्वी पायांना सूज येऊन आणि धाप लागून हे चार दिवस ॲडमिट होते. तुमच्या तपासणाऱ्यांनी खालची ओळ वाचली, पुढे कुठेतरी 'ॲब्लेशन' वाचले आणि दोघांचे लग्न लावून दिले.

हार्ट फेल्युअरसाठी मज्जातंतू निकामी करण्याचा एक उपचार आहे, नाही असे नाही. त्यात शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, छातीपर्यंत नेतात आणि उजवीकडचा मोठा स्प्लँक्निक (पोटातल्या अवयवांकडे जाणारा) मज्जातंतू जाळतात. पोटातल्या रक्तवाहिन्यांत साठून असलेले रक्त श्रम करताना एकदम हृदयाकडे ढकलले जाऊ नये, हा त्यामागचा विचार. ते काम अजून चाचण्यांच्या पायरीवर आहे. त्याला तुम्ही अप्रमाणित म्हणालात तर मी एका शब्दाने भांडणार नाही.

ह्यांचे वेगळे. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मूत्रपिंडाच्या धमनीत गेली. तिच्या टोकाला मळसूत्रासारखे वळलेले चार इवलेसे इलेक्ट्रोड होते. या धमनीच्या बाहेरच्या अंगाला मज्जातंतूंचे जाळे असते. ते सतत चेकाळलेले राहिले की मूत्रपिंड रेनिन हे प्रेशर वाढवणारे द्रव्य सोडते, मीठ आणि पाणी धरून ठेवते, रक्तवाहिन्या आवळतात आणि प्रेशर चढते. म्हणून आतून जागोजागी मिनिटभर उष्णता देऊन ते तंतू निकामी करायचे, दोन्ही बाजूंना. डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर राजम्याच्या दाण्यांसारखी दोन मूत्रपिंडे काढून हे मला दाखवले होते. त्या कागदाची झेरॉक्स सोबत आहे, तपासणाऱ्यांना उपयोगी पडेल. प्रेशर उतरले की हृदयावरचा भार हलका होतो, यात हृदयाचा संबंध आला तो एवढाच.

तुमच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांनी फोनवर मला याच उपचारावरचा २०१४ चा अभ्यास ऐकवला. तो मला ठाऊक आहे, कारण होकार देण्यापूर्वी मीच डॉक्टरांना त्याबद्दल विचारले होते. अमेरिकेतले ५३५ रुग्ण, त्यातल्या काहींची नुसतीच अँजिओग्राफी केली, पण कोणाचे काय केले हे रुग्णांना सांगितले नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या प्रेशरमध्ये म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. हे खरेच आहे. पण त्यानंतर अनेकांच्या धमनीत चहूबाजूंनी नीट उष्णता दिलीच गेली नव्हती आणि मधल्या काळात गोळ्याही बदलत राहिल्या, हे लक्षात आले. कॅथेटर बदलले आणि तशाच खोट्या प्रक्रियेशी तुलना करून नव्या चाचण्या झाल्या, त्यांत प्रेशर उतरलेले दिसले. नोव्हेंबर २०२३ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेने अशा दोन यंत्रणांना मंजुरी दिली, एक रेडिओफ्रिक्वेन्सीची आणि एक अल्ट्रासाउंडची. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही, तीन औषधे देऊनही प्रेशर न उतरणाऱ्या रुग्णांसाठी याचा विचार करता येईल, असे आहे. 'करावाच' असे नाही, 'विचार करता येईल' असे. मी जास्तीचे काही सांगत नाही. पण एक्सक्ल-१६ हे कलम परिणामकारकतेला पुरेसा वैद्यकीय आधार नसलेल्या उपचारांसाठी आहे, आणि तुमच्याच पॉलिसीच्या पुस्तकात ते छापलेले आहे.

हा उपचार कोणी हौसेने करून घेत नाही. बँकेच्या जुन्या डायरीत मी सकाळ-संध्याकाळ ह्यांचे प्रेशर लिहिते. तीन गोळ्या चालू होत्या, त्यातली एक लघवीची. चौथी सुरू केली तर छाती सुजून दुखू लागली, म्हणून ती बदलली, मग पाचवी आली. तरी डायरीत १७६/१०२, १७०/९८, पुन्हा १७६. गोळ्या चुकवतात की काय, अशी शंका डॉक्टरांनाही होती. म्हणून महिनाभर मी समोर उभी राहून गोळ्या दिल्या. चोवीस तासांचे मशीन लावले, रक्त तपासले, धमन्यांचा सीटी काढला, आणि मगच हा निर्णय झाला. आज सहा आठवड्यांनी १४८/८८ आहे आणि पाचाच्या चार गोळ्या झाल्या आहेत. चमत्कार झालेला नाही. तसे कोणी सांगितलेही नव्हते.

आता डिस्चार्जचा दिवस. तुमची प्राथमिक मंजुरी आदल्या दिवशीच आली होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. सकाळी ११ वाजता कागद तयार झाले. टीपीएच्या, म्हणजे तुमच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, टेबलावर दर तासाला 'पेंडिंग' हा एकच शब्द. अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असा विमा नियामकांचा २०२४ चा नियम आहे. आम्हाला नकार मिळाला संध्याकाळी साडेसहाला. बिल चुकते झाल्याशिवाय सिस्टर हातातली सलाईनची सुई काढेनात, त्यामुळे हे बाहेरच्या बाकावर हात मांडीवर उताणा ठेवून बसले होते. घरून आणलेला वरणभात एका हाताने खाता येईना म्हणून मी भरवला. सत्तरीच्या माणसाला चार लोकांत भरवून घ्यावे लागणे, हे तुमच्या कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही, तरी लिहून ठेवते. शेवटी मुदत ठेव मोडून ६,१२,४०० रुपये भरले आणि मग सुई निघाली.

दुसऱ्या पत्रात तुम्ही म्हणता की रक्तदाब आधीपासूनचा होता. होताच. २०११ च्या प्रपोजल फॉर्मवर मी स्वतःच्या हाताने तो लिहिला आहे. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ केव्हाच संपला. तिसऱ्यात म्हणता की दाखल होण्याची गरज नव्हती. जांघेतल्या धमनीत नळी घातलेला माणूस रिक्षाने कर्वेनगरला पाठवायचा का? या दोन पत्रांवर मी याहून जास्त शाई घालवणार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. क्लेम प्रत्यक्ष झालेल्या उपचाराच्या नावावर पुन्हा तपासावा आणि पूर्ण रक्कम व्याजासह द्यावी. कंपनीच्या पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही, तेव्हा ती मंजुरी कोणत्या तारखेची आहे आणि समितीपुढे कुठला उपचार ठेवला होता, हे लेखी कळवावे. शिवाय पैसे देण्याआधी किंवा नंतर, केव्हाही, पण 'हार्ट फेल्युअरसाठी अप्रमाणित उपचार घेतला' हे वाक्य ह्यांच्या नोंदीतून काढावे. उद्या खरोखर हृदयासाठी दाखल करायची वेळ आली, तर तुमचाच कोणीतरी हे वाक्य वाचून त्या क्लेमकडे पाहील.

एक महिना वाट पाहते. विमा लोकपालांचे कार्यालय नारायण पेठेत केळकर रस्त्यावर आहे. डेक्कनला उतरून लकडी पूल ओलांडला की मला चालत जाता येते, आणि आता ह्यांनाही. फाइलच्या दोन प्रती तयार आहेत. डायरी मात्र मूळच राहील, तिची झेरॉक्स मिळेल.

आपली,
मूळ पॉलिसीधारक,
कर्वेनगर, पुणे