डी व्हिटॅमिनची पावडर आणि व्हॉट्सअ‍ॅपचे डॉक्टर

मा. संपादक,

आमचा नातू अडीच वर्षांचा, अजून बोलत नाही, हाक मारली तरी बघत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की डी व्हिटॅमिन कमी पडलं की ऑटिझम (स्वमग्नता) होतो, दर आठवड्याला ६०,००० युनिटची पावडर द्या, पोरगं बोलायला लागेल. झालं, सूनबाई मेडिकलमधून पाकीट घेऊन आली, चिठ्ठी कुणी मागितलीसुद्धा नाही!

नशीब, आधी बालरोगतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी सांगितलं की ही कल्पना २००८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन कॅनेल नावाच्या डॉक्टरांनी मांडली, नंतर बऱ्याच अभ्यासांत अशा मुलांमध्ये डी कमी दिसलंही, पण म्हणून तेच कारण असं सिद्ध झालेलं नाही, उलट ही मुलं खाण्यात फार निवडक, बाहेरही कमी जातात, मग डी कमी होणारच ना. कमी असेल तर हाडांसाठी द्यायलाच हवं, पण तपासून, डॉक्टर सांगतील तेवढंच. तान्ह्या बाळाला रोज ४०० युनिट पुरतात, आणि जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, किडनीला त्रास.

आणि कोथरूडात आम्ही सगळ्यांनी गॅलऱ्या काचा लावून बंद केल्यात, काचेतून आलेल्या उन्हात डी तयारच होत नाही, हे मला साठीत कळलं.

मेडिकलवाल्यांनी चिठ्ठीशिवाय ही पाकिटं देऊ नयेत, एवढं छापा. नातवाची तपासणी झाली, स्पीच थेरपी सुरू आहे, आणि अकरा वाजता आम्ही दोघं गच्चीवर असतो.

– एक आजी, कोथरूड, पुणे