"हे कोण बोलतंय?" असं विचारणाऱ्या ताईंना मनापासून थँक्यू

ताई, नमस्कार,

हे सगळं व्हॉट्सॲपवर एका मेसेजमध्ये लिहिता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते माझ्यासारख्या खूप जणांना हवंय. व्हिडिओ बघून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यात वेब ॲप बनवायचं फ्लास्क शिकलेले, लॅपटॉपवर ॲप झकास चालतंय आणि सर्व्हरवर चढवलं की सगळं ठप्प, आणि आता विचारायचं कोणाला हे माहीत नाही. तुम्ही म्हणालात नाव टाकू नका म्हणून टाकत नाही, नुसतं ताई म्हणतो.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय आहे, दाखल रजिस्टर अजून हाताने लिहिलेलं, देवघेव पण वहीतच. सभासदांना घरबसल्या पुस्तक आहे का ते बघता यावं आणि काउंटरवरच्या काकूंना देवघेवीची नोंद कॉम्प्युटरवर करता यावी एवढंच हवं होतं, म्हणून मी फ्लास्कमध्ये एक छोटं ॲप बनवलं. ताई पुण्यात सर्व्हरचं काम करतात, लहानपणी आमच्याच वाचनालयाच्या सभासद होत्या, त्यांच्या आईंनी माझा नंबर दिला आणि ताईंनी स्वतःहून फोन केला. इथूनच सगळं सुरू झालं.

सर्व्हरवर ॲप टाकल्यावर ब्राउझरमध्ये पांढरं पान आलं, त्यावर ५०२ बॅड गेटवे. मी तुम्हाला सांगायला लागलो की माझ्या कोडमध्ये अमुक फंक्शन आहे तमुक रूट आहे, आणि तुम्ही मधेच थांबवून विचारलंत, "त्या पानावर खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय?" एन्जिनएक्स. "मग हे कोण बोलतंय?" हा प्रश्न मला तोपर्यंत कोणीच विचारला नव्हता. मला वाटायचं एरर म्हणजे एरर, एकच. तुम्ही समजावून सांगितलंत की मधे सगळे एका ओळीत उभे आहेत, पहिला ब्राउझर, मग बाहेरून आलेला निरोप आधी घेणारा एन्जिनएक्स, मग पायथन ॲप चालवणारा गनिकॉर्न आणि सगळ्यात मागे आपला पायथन कोड, आणि ५०२ म्हणजे एन्जिनएक्स सांगतोय की मी निरोप मागे दिला पण मागून धड उत्तरच आलं नाही. म्हणजे निरोप बहुतेक आपल्या कोडपर्यंत पोचलेलाच नाही, मग कोडमध्ये शोधून काय सापडणार! त्याऐवजी एन्जिनएक्सचा एरर लॉग, म्हणजे त्याची चुकांची नोंदवही, उघडायला लावलात, तिथे साफ लिहिलं होतं, कनेक्शन रिफ्यूज्ड व्हाइल कनेक्टिंग टू अपस्ट्रीम, म्हणजे मागच्याशी जोडणीच झाली नाही. मग एक पाऊल मागे, जर्नलसीटीएल या कमांडने गनिकॉर्नच्या सर्व्हिसचा लॉग, आणि तिथे खरं कारण: मॉड्यूल नॉट फाउंड एरर, नो मॉड्यूल नेम्ड फ्लास्क, म्हणजे फ्लास्क सापडतच नाही.

आता फ्लास्क तर इन्स्टॉल केलेलं होतं, पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं आणणारं टूल, त्याच्या लिस्टमध्ये दिसत होतं. तुम्ही विचारलंत, "कुठल्या पायथनमध्ये?" सर्व्हरवर सिस्टमचा एक पायथन आणि आपल्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधला, म्हणजे फक्त या ॲपसाठी वेगळ्या ठेवलेल्या फोल्डरमधला, दुसरा, पिपने पॅकेज दुसऱ्यात टाकलेलं आणि सर्व्हिस चालवत होती सिस्टमचा गनिकॉर्न. सर्व्हिस फाइलमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या गनिकॉर्नचा पूर्ण पाथ लिहिला, बदललेली फाइल परत वाचायला लावणारं डीमन रीलोड, मग रीस्टार्ट, आणि पान उघडलं. तेव्हापासून मी नुसतं पिप इन्स्टॉल कधीच टाइप करत नाही, आधी पायथन, मग डॅश एम, मग पिप, म्हणजे ज्या पायथनने ॲप चालणार त्याच पायथनच्या पिपने पॅकेज येतं. आणि शंका आली की सिस एक्झिक्यूटेबल प्रिंट करून बघतो, ते स्वतःच सांगतं मी कुठला पायथन आहे म्हणून.

या एका प्रश्नावर मी पुढचे कितीतरी प्रॉब्लेम सोडवलेत ताई. उदाहरणार्थ ४०४, म्हणजे पान सापडलं नाही, हे घ्या. एन्जिनएक्सचा ४०४ वेगळा दिसतो, मधोमध जाड अक्षरं आणि खाली त्याचं नाव, आणि फ्लास्कचा ४०४ वेगळा, त्यात स्पेलिंग तपासून बघा असं एक वाक्य असतं. पहिला आला तर एन्जिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये बघायचं, दुसरा आला तर आपल्या रूटमध्ये, म्हणजे कुठल्या पत्त्याला कुठलं पान ते कोडमध्ये जिथे लिहिलंय तिथे. किंवा पानच उघडत नाहीये तेव्हा, रिफ्यूज्ड आलं म्हणजे बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोचलो पण त्या पोर्टवर, म्हणजे त्या नंबरच्या दारावर, कोणी ऐकत नाहीये (ॲप १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर ते फक्त त्याच मशीनच्या आतून ऐकतं, बाहेरून थेट बघायचं असेल तर ०.०.०.० लागतं, हे पण तेव्हाच कळलं), आणि नुसतं गोल गोल फिरत राहून टाइमआउट झालं तर बऱ्याचदा फायरवॉलने गुपचूप टाकून दिलेलं असतं. आणि ५०० आला तर मात्र बहुतेक आपलाच कोड बोलतोय, मग ट्रेसबॅक, म्हणजे चूक कुठून कुठे पोचली त्याची यादी, शोधायचा. तो वरून वाचायचा नाही, सगळ्यात खालची ओळ आधी, मग वर वर जात आपल्या स्वतःच्या फाइलचं नाव पहिल्यांदा कुठे येतं ते बघायचं, मधलं लायब्ररीचं सगळं सोडून द्यायचं. एवढं सोपं आहे हे, पण कुठल्याच व्हिडिओत हे असं सांगत नाहीत. ते सगळे "रन करा, झालं" इथे संपतात आणि खरं काम त्याच्यापुढेच सुरू होतं, असं माझं ठाम मत झालंय.

विंडोजवर बनवून लिनक्सवर टाकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी भरभर सांगतो. फोल्डरचं नाव टेम्प्लेट्स, त्यात पहिलं अक्षर कॅपिटल असेल तर विंडोजला चालतं, लिनक्सला नाही, लगेच टेम्प्लेट नॉट फाउंड. आणि गनिकॉर्न विंडोजवर चालतच नाही, तिथे एफसीएनटीएल नावाचं मॉड्यूल नाही अशी तक्रार येते, त्यात आपलं काही चुकलेलं नसतं, घरच्या मशीनवर टेस्ट करायचं तर गनिकॉर्नच्या जागी वेट्रेस वापरायचं. आणि डीबग मोड, म्हणजे चूक झाली की ब्राउझरमध्येच तिचा तपशील दाखवणारी सोय! तो चालू ठेवून ॲप इंटरनेटवर टाकायचं नाही म्हणजे नाही, त्या एररच्या पानावरून सर्व्हरवर कोणीही पायथन कोड चालवू शकतो, पिन विचारतो खरं पण त्या पिनच्या भरवशावर राहू नये. ताईंनी पान उघडल्यावर सगळ्यात आधी हेच बंद करायला लावलं होतं, बाकी सगळं नंतर.

पण मला सगळ्यात जास्त थँक्यू म्हणायचंय ते मराठी अक्षरांच्या भानगडीसाठी, कारण त्याचं उत्तर मला कुठेच मिळालं नव्हतं.

पहिली भानगड सीएसव्हीची, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलची. वाचनालयातल्या मुलांनी रजिस्टर बघून स्प्रेडशीटमध्ये पुस्तकं टाइप केली, ती यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिपी साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) सीएसव्ही म्हणून सेव्ह केली, आणि इम्पोर्ट करताना 'की एरर', म्हणजे या नावाचा कॉलमच सापडत नाही: 'दाखल क्रमांक'. आणि फाइल उघडून बघितली तर पहिल्या कॉलमचं नाव दाखल क्रमांकच! स्पेलिंग तेच, जास्तीची स्पेस नाही, काही नाही. तुम्ही म्हणालात डोळ्यांनी बघू नका, पायथनलाच विचारा, कॉलमच्या नावांची लिस्ट प्रिंट करा. केली, तर पहिल्या नावाच्या आधी एफईएफएफ असं काहीतरी चिकटलेलं, बाकी कॉलम स्वच्छ. ते बीओएम, फाइलच्या सुरुवातीला लावलेलं एक न दिसणारं चिन्ह. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग दिलं की पायथन ते स्वतः काढून टाकतो. एका शब्दाचा बदल. आणि एन्कोडिंग काहीच दिलं नाही तर विंडोजवर पायथन बऱ्याचदा जुनंच एन्कोडिंग धरतो आणि मराठीची वाट लागते, म्हणून फाइल उघडताना एन्कोडिंग लिहायचंच, कायम.

दुसरी भानगड जास्त अवघड होती आणि ती आपल्याच भाषेची आहे म्हणून सविस्तर लिहितो. नावात "वाऱ्या", "दऱ्या" असे शब्द असलेली पुस्तकं शोधली की काही सापडायची, काही नाही. एरर काहीच नाही, नुसतं "पुस्तक उपलब्ध नाही", आणि काकू म्हणायच्या अरे पुस्तक तर समोर कपाटात दिसतंय. मी तुम्हाला म्हणालो ताई इथे तर कोणीच बोलत नाहीये. तुम्ही म्हणालात मग बोलतं करा. पायथनमध्ये ॲस्की नावाचं फंक्शन आहे, अक्षरांऐवजी त्यांचे यूनिकोड नंबर दाखवतं, ते वापरून डेटाबेसमधलं नाव आणि सर्च बॉक्समध्ये टाइप केलेलं नाव दोन्ही एकाखाली एक प्रिंट केली आणि अक्षरशः डोळे उघडले. स्क्रीनवर अगदी सारखा दिसणारा तो ऱ तीन प्रकारे लिहिलेला होता. एकात ऱ हे एकच अक्षर, नंबर ०९३१. दुसऱ्यात साधा र आणि त्याला खाली नुक्ता, म्हणजे दोन. तिसऱ्यात र, मग हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. कोणी मोबाइलवरून टाइप करतं कोणी कॉम्प्युटरवरून, प्रत्येक कीबोर्डची पद्धत वेगळी, आणि पायथनला हे तीन वेगवेगळे शब्द वाटतात, ते बरोबरच आहे त्याचं.

उपाय पण तुम्ही थेट दिला नाहीत, यूनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये नॉर्मलाइज बघा एवढंच म्हणालात. त्यातलं एनएफसी, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एका रूपात आणणारा प्रकार, लावलं की पहिला आणि दुसरा प्रकार एक होतो. तिसरा होत नाही! तो एनएफसीला कळतच नाही, म्हणून र-हलन्त-जॉइनर दिसलं की त्याजागी ऱ आणि हलन्त टाका अशी एक ओळ वेगळी लिहावी लागली. आणि सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही दोनदा बजावलंत ते, की हे एकच फंक्शन नोंद सेव्ह करताना पण आणि शोधताना पण दोन्हीकडे वापरायचं, नाहीतर एक बाजू सुधारेल आणि दुसरी तशीच राहील. ज्या कोणाचं मराठी डेटाचं ॲप असेल त्यांनी आजच जाऊन आपल्या सर्चमध्ये "वाऱ्या" टाकून बघा प्लीज.

देवघेवीच्या नोंदी कधी दिसायच्या कधी गायब व्हायच्या त्याचंही असंच. आज दिलेल्या पुस्तकांची यादी एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये होती, लॅपटॉपवर एकच प्रोसेस म्हणून ठीक चालायचं, सर्व्हरवर गनिकॉर्नचे तीन वर्कर, म्हणजे ॲप चालवणाऱ्या तीन वेगळ्या प्रोसेस, आणि तिघांची मेमरी वेगळी. काउंटरवर तीन कारकून आणि प्रत्येकाची आपली आपली वही, तुम्ही ज्याच्यासमोर उभे राहाल त्याच्याच वहीतलं तुम्हाला दिसणार, तसं. तुम्ही एकच वर्कर ठेवून बघा म्हणालात, प्रॉब्लेम गेला, म्हणजे कारण पक्कं झालं, मग यादी डेटाबेसमध्ये नेली आणि वर्कर परत तीन केले. कारण पक्कं झाल्याशिवाय दुरुस्तीला हात लावायचा नाही ही तुमची शिस्त मला फार आवडते, घाईत असलो तरी आता पाळतो.

आणि वेळ. संध्याकाळी सहाला दिलेलं पुस्तक साडेबाराला दिलेलं दिसायचं, सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, आपण साडेपाच तास पुढे. पायथनच्या झोनइन्फो मॉड्यूलमधून आशिया/कोलकाता लावलं, विषय संपला.

ताई, तुम्हाला हे सगळं स्वतः करून टाकायला अर्धा तास पण लागला नसता. तुम्ही एकदाही पासवर्ड मागितला नाहीत, स्क्रीन शेअर असताना माउस हातात घेतला नाहीत. मी लॉग वाचत असताना तुम्ही गप्प बसायचात, तिकडे तुमची मुलगी हाक मारत असायची तरी घाई केली नाहीत. आणि सगळं मराठीत बोललात, इंग्लिश शब्द आले तरी वाक्य मराठीच, त्यामुळे "मला हे नीट कळलं नाही, परत सांगा" म्हणायला मला कधी संकोच वाटला नाही. इंग्लिशमध्ये विचारायचं असतं तर निम्मे प्रश्न मी गिळले असते, हे खरं सांगतो.

तुम्हाला आवडेल अशी एक बातमी. परवा लाइट गेल्यानंतर ॲप उघडेना तर काकूंनी मला फोन केला, घाबरल्या वगैरे अजिबात नव्हत्या, म्हणाल्या "अरे पानावर काही आकडा नाहीये, एन्जिनएक्स पण लिहिलेलं नाही, ब्राउझरच सांगतोय इंटरनेट नाही म्हणून, मग आपलं राउटर असेल ना?" राउटरच होतं. त्यांना हे मी शिकवलं, पण माझ्याकडे ते तुमच्याकडून आलेलं.

आता दिवाळी अंकांची योजना ॲपवर आणायची आहे, एक अंक बऱ्याच सभासदांना हवा असतो, तर नंबर लावायची सोय. दोघांनी एकाच सेकंदाला बटण दाबलं तर काय, ते वाचतोय सध्या, ट्रान्झॅक्शन आणि लॉक वगैरे, अडलो तर कोण बोलतंय ते आधी बघूनच तुम्हाला फोन करीन. आईंना नमस्कार सांगा, आणि सुट्टीत गावाला आलात की वाचनालयात नक्की या, समितीने तुम्हाला आजीव सभासद करायचं ठरवलंय, तुमच्या सहीसाठी फॉर्म काकूंकडे ठेवलाय.

मनापासून आभार ताई.

तुमचा,
वाचनालयातला कॉम्प्युटरवाला